निवड झाल्याबद्दल

संगीताची गोष्ट सांगायची तर आधी माझंच माप माझ्या पदरात घालावं लागेल.

मी वनमाला. पाटोद्यात खत-बियाण्याच्या दुकानावर माझी अभ्यासिका आहे, उमेद अभ्यासिका. त्याआधी चौदा वर्षं एका विनाअनुदानित कॉलेजात इंग्रजी शिकवलं. पगार आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता केस पिकले, तेव्हा एक दिवस खडू टेबलावर ठेवला आणि घरी आले. मग तीस खुर्च्या, चार पंखे आणि थंड पाण्याचा जार एवढ्यावर हे सुरू केलं. माझ्याकडे पोरं येतात ती पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांच्या तयारीसाठी. आठ तास बसतो म्हणतात, त्यातले तीन तास खाली टपरीवर चहा पीत सरकार चालवतात. मी खिडकीतून ओरडते, तेव्हा वर येतात.

संगीता आली ती फेब्रुवारीत. मुंजाजी मेंढपाळाची थोरली मुलगी, पुण्यात इंजिनियरिंग पुरं करून परतलेली. मुंजाजीची वस्ती आमच्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठच्या गावांकडे उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि मिरगाच्या सुमाराला परत यायचं, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. संगीता चौथीपर्यंत अशीच चार गावांच्या शाळांत थोडी थोडी बसली. पुढे एका गुरुजींनी हट्टाने वसतिगृहात घातलं म्हणून शिकली. अभ्यासिकेत ती खुर्चीत बसायचीच नाही. खिडकीपाशी उभी राहून वाचायची. मी टोकलं तर म्हणाली, "बसलं की झोप येती मॅडम. मेंढरामागं बसाया कुठं मिळतंय, तीच सवय लागली."

तिला नोकरी कशासाठी हवी होती तेही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "आबाचे गुडघे गेलेत. या दिवाळीला मी त्यास्नी मेंढरामागं जाऊ देणार न्हाई."

नोकरी कसली, तर पुण्यातल्या एका कन्सल्टिंग फर्ममधली. ही फर्म दुसऱ्या कंपन्यांना धंदा कसा चालवावा याचा सल्ला देते आणि त्याचे पैसे घेते, असं तिने पोरांना समजावून सांगितलं. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. "सल्ल्याचे पैसे? आमच्या पारावर दिवसभर फुकट मिळतोय की!" तीही हसली. पण तिची तयारी पाहून आठ दिवसांत पोरांचं हसणं बंद झालं.

या मुलाखतींचा प्रकार मलाही नवा होता. तिथे पाठांतर चालत नाही. पाटोद्यात दिवसाला किती कप चहा खपतो, असा प्रश्न टाकतात आणि तुम्ही डोकं कसं चालवता ते बघतात. मी टेबलापलीकडे साहेब होऊन बसायचे, ती समोर उभी राहून इंग्रजीत उत्तर द्यायची. गावात माणसं किती, त्यांत चहा पिणारी किती, बाजाराच्या दिवशी बाहेरून येणारी किती, असं एकेक सोडवत जायची. मध्येच थांबायची आणि म्हणायची, "चुकलं. लेकरं पण धरली मी. पुन्हा करते."

"अगं, चुकलं म्हणायचं नसतं मुलाखतीत," मी म्हणायचे. "याच्याकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघते, असं म्हणायचं."

"म्हंजे चुकलंच ना, मॅडम?"

मी लगेच पुढचा प्रश्न विचारायचे. इंग्रजी तिचं अडखळत होतं, ते चार महिन्यांत वाहतं झालं. हे श्रेय मी घेते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे.

जूनच्या मध्यावर एका दुपारी तिचा मेसेज आला: मॅडम, मुलाखत पास झाले.

आमच्याकडे मुलाखत म्हणजे शेवटची पायरी. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मग मुलाखत. मुलाखत पास झाली की गुलाल, फटाके आणि उघड्या जीपमधून मिरवणूक. माझं सगळं आयुष्य या क्रमात गेलेलं. मी दुसरं काही विचारलं नाही. फोन उचलून विजयसिंहांना लावला. विजयसिंह म्हणजे आमच्या भागातले तरुण पुढारी, पुढच्या जिल्हा परिषदेला उभे राहणार असल्याचं ते तीन वर्षांपासून सांगत होते. अभिनंदन करायला कुणी मिळतंय का, हे शोधत फिरणं हाच त्यांचा मुख्य उद्योग. त्यांनी मला चार वाक्यं लिहून पाठवायला सांगितली, मी पाच पाठवली.

दिवे लागायच्या आत स्टँडसमोर फ्लेक्स उभा राहिला. 'मेंढपाळाची सुकन्या कु. संगीता मुंजाजी हिची पुणे येथील नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' संगीताचा फोटो विजयसिंहांच्या फोटोच्या निम्मा होता. खाली लाल अक्षरांत 'मार्गदर्शक: प्रा. वनमाला मॅडम, उमेद अभ्यासिका. प्रवेश देणे सुरू आहे.' हे पाचवं वाक्य माझं.

संगीता वस्तीवरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली. जिना धावत चढली होती. "मॅडम, ही पहिली फेरी व्हती. अजून दोन राहिल्यात. कावून लावलं ते?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर मी परस्पर दुसरीच्याच गुडघ्याला बाशिंग बांधून मोकळी झाले होते. तेव्हाही वेळ होती. दोन माणसं आणि एक शिडी एवढ्यावर काम झालं असतं. पण तोवर प्रवेशाचे अकरा फोन येऊन गेले होते आणि विजयसिंहांनी रविवारचा सत्कार जाहीर केला होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दोनच राहिल्यात ना? काढशील तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. चार महिने तिला प्रश्न विचारणाऱ्या बाईला काय विचारावं ते तिला सुचलं नसावं. मग ती परत गेली.

सत्कार त्यांच्या गावच्या मारुतीच्या देवळापुढे झाला. मुंजाजी नुकताच मेंढरं घेऊन परतला होता. धुतलेलं धोतर, नवा पटका आणि दिसेल त्याला हात जोडणं चाललेलं. दगडाबाई, संगीताची आई, बायकांत बसून डोळे पुसत होती. संगीताच्या गळ्यात हारावर हार पडत होते आणि ती मान वर करत नव्हती. लोक म्हणाले, पोरगी लई गुणाची, एवढी मोठी झाली तरी लाजते. माझ्यासकट सगळ्यांची भाषणं झाल्यावर मुंजाजी माझ्याजवळ आला. "मॅडम, मला यातलं काय कळत न्हाई. झालं म्हणायचं ना आता? पक्कं?"

संगीता तीन हातांवर उभी होती. तिने ऐकलं. मी म्हणाले, "पक्कं."

त्या एका शब्दाची मला आजही एवढी लाज वाटते की एकटी असले तरी तो आठवला की मी उठून काहीतरी कामाला लागते.

आठ दिवसांत मुंजाजीने साठ मेंढरं आष्टीकडच्या एका पाहुण्याला विकली. लेकीला नोकरी लागली, आता गुडघे कशाला झिजवायचे, असा त्याचा सरळ हिशेब. चहाच्या दुधापुरती एक शेळी तेवढी ठेवली. संगीता पाटोद्याहून संध्याकाळी घरी गेली तर मेंढरं कोंडायचं वाडगं रिकामं. दुसऱ्या दिवशी तिने मला हे सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. ती रडली असती, माझ्यावर ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटावं म्हणून ती काही आली नव्हती. ती दुसऱ्या फेरीच्या तयारीला आली होती.

आणि आता तयारीही उघडपणे करता येईना. निवड झालेली पोरगी रोज अभ्यासिकेत कशाला येते? कुणी विचारलं की मी सांगायचे, कंपनीचं ट्रेनिंग चालू आहे, ऑनलाइन. मोडक्या खुर्च्या ठेवायची प्लायवूडची एक खोली होती, ती तिला दिली. तिथे आम्ही दार लावून, आवाज बारीक ठेवून मुलाखतीची तयारी करायचो. नव्याने आलेली पोरं दारावर टकटक करून तिला यशाचं रहस्य विचारायची. एकदा तर मीच एका मुलीला तिच्या आईबापांसकट आत नेलं आणि म्हणाले, हीच ती संगीता. तिने नमस्कार केला. मुलीच्या आईने तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. ती मंडळी गेल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता पुढचा प्रश्न घेतला.

उत्तरं तिची अजूनही चांगली यायची. पण चुकलं की पूर्वीसारखं ती बोलून दाखवत नव्हती. मी शिकवलं होतं तसं, वेगळ्या बाजूने बघायला लागली होती.

दुसरी फेरी ती पास झाली. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. जी पोरगी निवडली गेलीच आहे ती आणखी पास काय होणार? ना पेढा, ना काही. दारातच उभी राहून ती म्हणाली, "आता एकच राहिली," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शेवटची मुलाखत ऑगस्टमध्ये, दुपारी तीन वाजता, व्हिडिओवर. वस्तीवर व्हिडिओपुरती रेंज मिळत नाही, म्हणून तीही प्लायवूडच्या त्याच खोलीत. पोरांना मी त्या दिवशी सुट्टी दिली आणि दाराबाहेर स्टुलावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. पलीकडे दोन साहेब होते. दूध संघाचा तोटा का होतो आणि काय करावं, असा मोठा प्रश्न त्यांनी दिला. संगीता उभी राहून बोलत असावी, कारण तिच्या पावलांचा आवाज येत होता. काय सुंदर बोलली! जनावरांचा चारा, दूध आणणारी गाडी, वाटेत नासणारं दूध, एकेक गाठ सोडवत गेली. एक साहेब मध्ये दोनदा 'व्हेरी गुड' म्हणाला. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

मग दुसऱ्या साहेबाने शेवटचा प्रश्न विचारला. तुला आमच्याकडेच का यायचंय?

हा प्रश्न आम्ही चाळीस वेळा तरी घोटला असेल. शिकण्याची संधी, वेगवेगळ्या क्षेत्रांचा अनुभव, वगैरे. उत्तर माझ्याच ओठांवर आलं होतं. आत तिची पावलं थांबली. मग तिचा आवाज आला, इंग्रजीत, सावकाश. "सर, मला यावंच लागेल. आमच्या गावात माझी निवड झाल्याचा फ्लेक्स लागलाय. माझ्या वडलांनी मेंढरं विकली."

दोघे साहेब हसले. वाईट हसणं नव्हतं ते. त्यांना वाटलं, पोरगी गमतीची आहे, आत्मविश्वास दांडगा आहे. एकजण म्हणाला, फारच छान, म्हणजे आता निर्णय आम्ही घ्यायचा राहिलाच नाही. तेव्हा संगीताही हसली. ते हसणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खरं बोलली होती, आणि ते खरं आहे हे त्या क्षणी जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

ती बाहेर आली. "ऐकलं का मॅडम?"

मी म्हणाले, "नाही. मी खाली गेले होते."

चार दिवसांनी ईमेल आला. खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्या एका उत्तराने नाही म्हणाले की आणखी कशाने, ते कळायला मार्ग नाही. संगीताने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आता घरी काय सांगू?"

हा प्रश्न तिने मला विचारला, ही तिची दुसरी चूक. पहिली चूक म्हणजे फेब्रुवारीत माझा जिना चढली ती. मी म्हणाले, आत्ता काही सांगू नको. पुण्याला जा. मैत्रिणीकडे उतर, मिळेल ते काम धर, पुन्हा दुसऱ्या कंपन्यांत प्रयत्न कर. एखादी लागली की मग कोण विचारतंय कोणती कंपनी! तुझ्याच अब्रूसाठी सांगते, असंही म्हणाले. माझ्या तीस खुर्च्यांच्या तोवर साठ झाल्या होत्या, हे म्हणाले नाही.

ती गेली त्या दिवशी स्टँडवर पंचवीस-तीस माणसं जमली. विजयसिंहांनी नारळ दिला. मुंजाजीने तिची बॅग स्वतः गाडीत चढवली. ती खिडकीशी बसली आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटकडे बघत राहिली.

पुण्यात तिला कुरिअरच्या एका गोदामात काम मिळालं. उभ्याने करायचं काम, असं ती फोनवर म्हणाली. मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. पोळ्याला ती आली नाही, दसऱ्याला आली नाही. आली असती तर स्टँडपासून वस्तीपर्यंत प्रत्येकाने कंपनीची चौकशी केली असती. हळूहळू तिने माझे फोन उचलणं बंद केलं. दिवाळीलाही ती आली नाही.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंजाजी जिना चढून आला. एकेका पायरीवर थांबत आला. खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "मॅडम, एक काम हाय. कंपनीला अर्ज लिवून द्या."

"कसला अर्ज?"

"पोरीला चार दिवस सुट्टी द्या म्हणून. ती म्हंती, कामाचा लोड हाय, साहेब सोडीना. तिची माय रोज रडायली. म्या म्हटलं, आपण बापानं इनंती केली तर साहेबबी लेकराबाळाचाच असंल की."

मी कागद घेतला. प्रति, माननीय व्यवस्थापक साहेब, एवढं लिहिलं. सवयीचा हात, तो चालतो. मुंजाजी सांगू लागला, "लिवा, मी मुंजाजी, संगीताचा बाप. घरी कुणी आजारी न्हाई, कुणी मेलेलं न्हाई. खोटं काय लिवू नका मॅडम, तिच्या नोकरीला बट्टा लागंल. फकस्त तिला बघावं वाटतंय, असं लिवा."

मला पुढे लिहिता येईना. पेन ठेवलं आणि सगळं सांगितलं. फ्लेक्स, दोन राहिलेल्या फेऱ्या, पक्कं म्हणाले ते, ईमेल, गोदाम, सगळं. आतल्या खोलीत पोरं वाचत होती, त्यांना ऐकू जाईल म्हणून सुरुवातीला मी आवाज बारीक केला होता. मग त्याचीही लाज वाटली आणि मोठ्याने बोलले.

मुंजाजीने अर्धा लिहिलेला कागद उचलून त्याची घडी घातली. मग त्याने विचारलं, "मेंढरं इकायच्या आधी ठावं व्हतं का तुमाला?"

"होतं."

त्याने मान हलवली. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर मी त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या. पण त्याने दुसरंच विचारलं. "गावात कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच नाही. मला आणि तिलाच."

"मंग ती यील कशी?" तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात रोवून उठला. "चला."

मी एका पोराला अभ्यासिका बघायला सांगितली आणि त्याच्या मागे निघाले. आम्ही रिक्षा केली. गावात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं, देवळापुढे माणसं बसलेली होती. मुंजाजीने आणखी दोघा-चौघांना हाक मारून बोलावलं, घरातून दगडाबाईला आणलं आणि मला म्हणाला, "सांगा आता. त्या दिवशी बोलल्या व्हत्या तसं, मोठ्यानं."

चौदा वर्षं वर्गावर बोललेली बाई मी. पण त्या दहा मिनिटांत एकेक वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. मी सांगितलं, की संगीताची निवड झालेली नाही, कधीच झाली नव्हती. तिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मीच ते दाबून ठेवलं, माझ्या अभ्यासिकेसाठी. कुणीतरी मागून म्हणालं, "आरं तिच्या, मंग ते विजयसिंहाचं नारळ?" दोघं-तिघं हसले. एक म्हातारा थुंकला. दगडाबाई माझ्याकडे एकदाही न बघता पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मुंजाजीने खिशातून बटणांचा फोन काढून माझ्या हातात दिला. "लावून द्या."

माझ्या नंबरावर न उचलणारी संगीता बापाच्या नंबरावर दुसऱ्याच घंटेला बोलली. त्याने फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाला, "संगे, मॅडम आल्यात गावात. समद्यांच्या म्होरं सांगितलं त्यांनी. तुझं न्हाई झालं ते, आन तुझी चूक न्हाई ते. आता कुणी काय इचारणार न्हाई. तू ये."

पलीकडून रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. तो तसाच फोन धरून उभा राहिला, ती थांबेपर्यंत. मग "बरं" म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"उद्या येती म्हनली," तो दगडाबाईला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुमी जावा आता, मॅडम. उद्या नका येऊ."

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी स्टँडवर येऊन गेली, तरी मी दिवसभर अभ्यासिकेचा जिना उतरले नाही.